पहिल्या ओळीत काळे चौकोन: जुन्या पीसीला सोळा बाय दोनचा एलसीडी जोडण्याची एक पूर्ण केस

सोळा बाय दोनचा कॅरॅक्टर एलसीडी, म्हणजे सोळा-सोळा अक्षरांच्या दोन ओळी दाखवणारा छोटा डिस्प्ले, पहिल्यांदा जोडला की बहुतेकांना एकच गोष्ट दिसते, वरच्या ओळीत सोळा काळे चौकोन आणि खालची ओळ कोरी. मग दुकानदाराला विचारलं की तो म्हणतो डिस्प्ले गेला, दुसरा घ्या. माझ्या मामेभावाकडे असे दोन "गेलेले" डिस्प्ले जमा झाले होते आणि दोन्ही एकदम धडधाकट निघाले. ही केस मी सविस्तर लिहितोय कारण हा स्वस्तातला डिस्प्ले आपल्याला काय होतंय ते स्वतःच दाखवत असतो, फक्त त्या खुणा वाचायला कोणी शिकवत नाही आणि माणूस उगाच पार्ट बदलत बसतो.

आधी परिस्थिती सांगतो. सांगलीजवळ घर, जिन्याखाली एक जुना डेस्कटॉप, त्यावर लिनक्स, घरातले सगळे फोटो आणि मामांच्या दुकानाच्या हिशेबाचा बॅकअप त्यावर जातो. मॉनिटर नाही, कीबोर्ड नाही. लाइट गेली की मशीन बंद, आली की आपोआप चालू, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, तसं करून ठेवलेलं. आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, पण राउटरमध्ये फिक्स केलेला, १९२.१६८.१.८, म्हणजे तो शोधायचा प्रश्न नव्हता. प्रश्न हा होता की लाइट आल्यावर मशीन खरंच पूर्ण उठलंय, की डिस्क तपासत मध्येच अडकून बसलंय, की डिस्क भरली म्हणून बॅकअप होत नाहीये, हे मामा-मामींना कळायचं कसं. दरवेळी भावाने पुण्याहून फोनवर सांगायचं आणि त्यांनी आतल्या खोलीतला मॉनिटर उचलून आणायचा, हे काही खरं नव्हतं. म्हणून एक छोटा डिस्प्ले, ज्यावर आयपी, सीपीयूचं तापमान आणि डिस्कवर उरलेली जागा दिसेल, आणि दिसत नसेल तर मशीन उठलेलं नाही हे समजेल.

मदरबोर्डला मागे पॅरलल पोर्ट होता, जुना प्रिंटरवाला पंचवीस पिनांचा. नवीन पीसीला हा पोर्ट मागे दिसत नाही, काही बोर्डांवर नुसता हेडर असतो आणि ब्रॅकेट वेगळं घ्यावं लागतं. पण एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, यूएसबी टू पॅरलल म्हणून जी केबल मिळते ती या कामाला चालत नाही. ती फक्त प्रिंटरशी बोलते, एकेक पिन आपल्या हाताने वरखाली करायला मिळत नाही, आणि इथे तर सगळा खेळ त्याचाच आहे.

डिस्प्लेच्या पाठीवर जी चिप असते ती हिताचीच्या एचडी४४७८० च्या जातीची, मूळची किंवा तिची नक्कल. सोळा पिना. पहिली ग्राउंड, दुसरी पाच व्होल्ट, तिसरी कॉन्ट्रास्ट, चौथी आरएस, पाचवी रीड-राइट, सहावी ई म्हणजे एनेबल, सात ते चौदा डेटाच्या आठ लाइनी, पंधरा-सोळा बॅकलाइट. काम साधं आहे, डेटा लाइनींवर एक बाइट, म्हणजे शून्य-एकचे आठ बिट, मांडायचा, आरएस शून्य ठेवली तर चिप त्याला कमांड समजते, एक ठेवली तर अक्षर समजते, आणि ई वरून खाली आली की तो बाइट आत घेते. हे "कमांड की अक्षर" नीट लक्षात ठेवा, सगळी केस तिथेच अडकली होती.

भावाने पुण्यात असताना तपकीर गल्लीतून डिस्प्ले, दहा केचा प्रीसेट (पेचकसाने फिरवायचा छोटा रेझिस्टर), डीबी पंचवीस कनेक्टर आणि फ्लॅट केबल घेतली होती. सोल्डरिंग बघितलं तर चांगलं होतं, कुठे ड्राय जॉइंट, म्हणजे कच्चा टाका, नाही. पोर्टच्या दोन ते नऊ पिना डेटाला, एक नंबर म्हणजे स्ट्रोब ती ई ला, डिस्प्लेची रीड-राइट सरळ ग्राउंडला, आणि आरएस पोर्टच्या चौदा नंबरला. मूळ प्रोग्रॅम त्याला कुठून तरी मिळालेला, सी मधला, त्यात आरएस सोळा नंबरवर होती, पण डीबी कनेक्टरमध्ये चौदा नंबर बरोबर एकच्या खाली येते, दोन वायर जवळजवळ बसतात, म्हणून त्याने आरएस चौदावर घेतली आणि प्रोग्रॅममध्ये बिट नंबर बदलला. वाचताना हे बरोबरच वाटतं. मलाही त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही, कारण बिट नंबर खरंच बरोबर बदललेला होता.

"दादा, दोन्ही डिस्प्ले गेलेत, बघ तूच," म्हणत त्याने वीज दिली आणि तेच, वर सोळा चौकोन. मी म्हटलं अरे हे चौकोन दिसतायत ही तर चांगली बातमी आहे.

कारण बघा. चौकोन दिसतात म्हणजे पाच व्होल्ट पोचतायत, ग्राउंड आहे, आणि कॉन्ट्रास्टची पिन बऱ्यापैकी जागेवर आहे. कॉन्ट्रास्ट चुकला असता तर एकतर काहीच दिसलं नसतं किंवा दोन्ही ओळी काळ्या झाल्या असत्या. पाच व्होल्टच्या साध्या मॉड्यूलला तिसऱ्या पिनवर ग्राउंडपासून साधारण अर्धा ते एक व्होल्ट लागतो, तो प्रीसेट फिरवून मिळतो. आणि फक्त पहिलीच ओळ काळी का, तर वीज आल्यावर चिप स्वतःहून एका ओळीच्या मोडमध्ये उठते, तेव्हा ती ठिपक्यांच्या आठच रांगा स्कॅन करते, दोन ओळींच्या मोडमध्ये सोळा. म्हणून वरची ओळ गडद आणि खालची कोरी. म्हणजे डिस्प्ले सांगतोय काय, की मी जागा आहे, मला वीज आहे, पण मला अजून कोणी कामाची कमांड दिलेली नाही. मेलेला डिस्प्ले असं बोलत नाही.

आता पुढची शक्यता, की ई चा पल्स पोचतच नाहीये. वायर तुटली, पोर्ट बायोसमध्ये बंद आहे, पत्ता चुकीचा आहे (पहिला पॅरलल पोर्ट सहसा हेक्स, म्हणजे सोळाच्या पायाच्या आकड्यांत, ३७८ वर असतो, तिथे डेटा, ३७९ वर स्टेटस आणि ३७ए वर कंट्रोल), किंवा लिनक्सचा प्रिंटर ड्रायव्हर पोर्ट धरून बसलाय. हे सगळं एकेक तपासायला बसलो असतो तर दुपार गेली असती. पण भाऊ बोलता बोलता एक गोष्ट बोलून गेला, की हॅलो पाठवलं तर काहीच बदल होत नाही, चौकोन तसेच राहतात, पण आयपी पाठवला की चौकोन गायब होतात आणि डिस्प्ले पूर्ण कोरा होतो. त्याला वाटलं आकड्यांनी डिस्प्ले हँग होतोय. मला मात्र तिथेच उत्तर मिळाल्यासारखं झालं.

अक्षरांचे कोड बघा. इंग्रजी कॅपिटल अक्षरं हेक्स ४१ पासून सुरू होतात, त्याच्या हॅलोमधली सगळी अक्षरं ४५, ४८, ४सी आणि ४एफ अशी चाळिशीत येतात. आकडे मात्र ३० ते ३९. आता हेच बाइट चिपने चुकून कमांड म्हणून घेतले तर काय होईल? चाळिशीतल्या कमांडचा अर्थ "कस्टम अक्षरांच्या मेमरीत अमुक जागेवर जा" एवढाच, स्क्रीनवर काहीच बदलत नाही. पण ३८ ही कमांड म्हणजे "आठ बिट, दोन ओळी", नेमकी तीच जी प्रत्येक प्रोग्रॅम सुरुवातीला पाठवतो. आणि ८ या आकड्याचा कोड पण ३८ च! मधले आकडे आणि टिंबं चिपला एका ओळीवरून दोन ओळींवर आणि परत असं हलवत राहतात, टिंब तर हेक्स २ई, ती कमांड म्हणून गेली तर चिप चार बिटांच्या मोडमध्ये जाते आणि पुढचे दोन बाइट मिळून एक कमांड धरते. मी कागदावर १९२.१६८.१.८ हा अख्खा आयपी कमांड म्हणून चालवून पाहिला, प्रत्येक टिंबानंतर ती परत आठ बिटांवर येते आणि शेवटच्या ८ ला दोन ओळींच्या मोडमध्ये स्थिर होते. दोन ओळींचा मोड म्हणजे वरचे चौकोन फिके पडून गायब, आणि डिस्प्ले ऑन करायची कमांड आलेलीच नाही म्हणून सगळं कोरं. जसं भाऊ सांगत होता अगदी तसंच.

म्हणजे एका दगडात बरंच कळलं. ई चा पल्स पोचतोय, डेटाच्या वरच्या लाइनी तरी ठीक आहेत, चिप ऐकतेय, फक्त अक्षरं कमांड म्हणून जातायत आणि कमांडी अक्षरं म्हणून. आरएस उलटी आहे.

आणि ती का उलटी, तर पॅरलल पोर्टच्या कंट्रोल रजिस्टरच्या, म्हणजे ३७ए वरच्या त्या बाइटच्या, चार आउटपुट पिनांपैकी तीन हार्डवेअरमध्येच उलट्या असतात. १ (स्ट्रोब), १४ (ऑटोफीड) आणि १७ (सिलेक्ट इन) या उलट्या, बिट एक केला की पिन खाली जाते. १६ (इनिट) एकटी सरळ. मूळ प्रोग्रॅममध्ये ई स्ट्रोबवर होती आणि तिचं उलटेपण प्रोग्रॅमने सांभाळलेलं होतं, आरएस सोळावर होती, तिथे सांभाळायची गरजच नव्हती. वायर चौदावर गेली, बिट नंबर बदलला, पण उलटेपणा कोणी बदलला नाही. वायर आणि प्रोग्रॅम दोन्ही आपापल्या जागी नीट, दोघांच्या मध्ये गोंधळ.

एवढं तर्काने काढलं तरी मीटर लावल्याशिवाय मी पुढे जात नाही. केबल डिस्प्लेपासून सोडवली, मीटर डीसी व्होल्टवर, काळा प्रोब ग्राउंडला, लाल चौदाच्या वायरला, आणि कंट्रोल रजिस्टरमध्ये तो एकच बिट शून्य-एक करून बघितला. शून्यला वर, एकला खाली. सोळावर उलट, म्हणजे सरळ. बस. पॅरलल पोर्टची जोडाजोड करताना मशीन बंद ठेवा हे वेगळं सांगायला नको, चालू मशीनला केबल लावून-काढून पोर्ट उडालेले मी बघितलेत आणि तो पोर्ट मदरबोर्डवरच असल्यामुळे दुरुस्तीला कोणी हात लावत नाही.

प्रोग्रॅममध्ये एक ओळ बदलून पण चाललं असतं, पण आम्ही वायरच सोळावर नेली. कारण एलसीडीप्रॉक नावाचं जे तयार सॉफ्टवेअर लिनक्सवर मिळतं, त्यात विनॅम्प नावाचं एक वायरिंग आहे, त्यात ई एकवर, आरएस सोळावर, डेटा दोन ते नऊवर. वायर तशी केली की तयार सॉफ्टवेअर लावून बघता येतं, आणि त्यावर अक्षरं नीट आली तर वायरिंगवरचा संशय कायमचा मिटतो, पुढे जे काही चुकेल ते आपल्या प्रोग्रॅममध्ये. हे दोन भाग वेगळे करणं मला कुठल्याही जोडणीत सगळ्यात मोलाचं वाटतं. लावलं, स्वागताची स्क्रीन आली, दुसरा "गेलेला" डिस्प्ले लावला, त्यावरही आली.

भावाच्या प्रोग्रॅममध्ये मी सुरुवातीचा क्रम तेवढा नीट करून घेतला. वीज आल्यावर निदान चाळीस मिलिसेकंद थांबायचं, मग हेक्स ३०, चार मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त थांबायचं, परत ३०, शंभर मायक्रोसेकंद, परत ३०, आणि मग ३८, ०सी, ०१, ०६. तीनदा ३० कशाला असं वाटतं, पण चिप आधी कुठल्याही मोडमध्ये अडकलेली असली तरी या तीन पल्सनी ती नक्की आठ बिटांवर येते. बाकीच्या कमांडी चाळीसेक मायक्रोसेकंदांत होतात, फक्त स्क्रीन पुसायची ०१ दीड मिलिसेकंद घेते, तिथे घाई केली की पहिलं अक्षर खाल्लं जातं.

इथे केस संपायला हवी होती. नाही संपली. संध्याकाळी मामींनी पाण्याची मोटर लावली आणि डिस्प्लेवर जपानी उमटलं. मामी म्हणाल्या, "अरे हे काय वेगळंच आलं?" जपानी यायचं कारण सोपं आहे, बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच डिस्प्लेंच्या अक्षरसंचात वरच्या अर्ध्या भागात काताकाना भरलेलं असतं, डेटाचा वरचा बिट चुकून एक झाला की तीच अक्षरं दिसतात. पण बिट चुकतोय का, तर दोन कारणं सापडली. केबल दोन मीटरची होती आणि पूर्ण केबलमध्ये ग्राउंडची एकच बारीक तार, ती पण एका कडेला. आणि डिस्प्लेला वीज दिली होती मोबाइलच्या चार्जरमधून, म्हणजे डिस्प्लेचे पाच व्होल्ट एकीकडून आणि सिग्नल दुसरीकडून, मोटर सुरू होताना जो झटका बसतो तो नेमका त्या एका बारीक ग्राउंडवरून वाट काढतो.

चार्जर काढून टाकला. पाच व्होल्ट पीसीच्या एसएमपीएसमधूनच, म्हणजे पॉवर सप्लायमधूनच, घेतले, हार्ड डिस्कला जाणारा जो मोठा चार पिनांचा कनेक्टर असतो त्यातली लाल तार पाच व्होल्ट आणि काळी ग्राउंड. पिवळीला हात लावू नका, ती बारा व्होल्ट, डिस्प्ले तिथेच संपतो. पोर्टच्या अठरा ते पंचवीस सगळ्या ग्राउंड पिना आहेत, त्यातल्या जमतील तेवढ्या एकत्र करून जाड तारेने डिस्प्लेच्या पहिल्या पिनला आणल्या, डिस्प्लेच्या अगदी पाठीवर एक-दोन पिनांमध्ये १०४ चा सिरॅमिक कपॅसिटर लावला, आणि डिस्प्ले भिंतीवरून काढून कॅबिनेटच्या शेजारी आणला म्हणजे केबल मीटरच्या आत आली. यातलं कशाने जास्त फरक पडला ते वेगळं करून नाही बघितलं, घरात मोटर रोज लागते, तेव्हा सगळंच केलं.

याशिवाय प्रोग्रॅम दर पाच मिनिटांनी वरचा पूर्ण क्रम परत पाठवतो. रीड-राइट ग्राउंडला असल्यामुळे आपल्याला चिपकडून काही वाचता येत नाही, आणि तिला बाहेरून रिसेट पिन नसते, मग गोंधळ झालाच तर तो पाच मिनिटांत आपोआप पुसला जातो. आठ बिटांची जोडणी ठेवायचं माझं कारण पण हेच. चार तारा वाचतात म्हणून लोक चार बिटांची जोडणी करतात, मायक्रोकंट्रोलरवर ती ठीकच आहे, पिना कमी असतात. पण तिथे एक खोटा पल्स आला की बाइटचे अर्धे तुकडे एकाने सरकतात आणि नंतरचं सगळंच चुकतं. आठ बिटांत एक खोटा पल्स म्हणजे एक चुकीचं अक्षर, पुढचं ठीक. पॅरलल पोर्टवर आठ तारा आयत्या मिळतायत, मग का वाचवायच्या.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. मामींना इंग्रजी शॉर्टफॉर्म नको होते, त्यांना तापमान आणि जागा असं मराठीत हवं होतं. चिपमध्ये देवनागरी नाही, पण आपण स्वतः काढलेली आठ अक्षरं ठेवायला जागा असते, प्रत्येक पाच बाय आठ ठिपक्यांचं. फक्त आठ. तापमान या शब्दाला लागतात त, काना, प, म, न, म्हणजे पाच. जागा ला ज आणि ग, काना आधीचाच. झाले सात! आणि या दोन्ही शब्दांत वेलांटी नाही, उकार नाही, मात्रा नाही, म्हणून शिरोरेघ सगळ्यात वरच्या रांगेत घेऊन खालच्या सातही रांगा अक्षराला मिळतात. "डिस्क" लिहायचं म्हटलं असतं तर वेलांटीसाठी वर दोन रांगा सोडाव्या लागल्या असत्या आणि खाली अक्षर चेपलं असतं, वर जोडाक्षर. चौकोनी वहीत ही सात अक्षरं काढायला भाऊ आणि मामी दोघं बसले होते, त्यात म आणि न सहज झाले, ज ला सगळ्यात जास्त खोडाखोड झाली कारण पाच ठिपक्यांच्या रुंदीत दांडा धरून त्याचं गोल वळण मावतच नाही, शेवटी डावीकडचं वळण थोडं कोनात मोडलं. दोन अक्षरांच्या घरांमध्ये एका ठिपक्याची फट काचेतच असते, तिथे शिरोरेघ तुटलेली दिसते, त्याला इलाज नाही, पण दोन हातांवरून शब्द स्वच्छ वाचता येतो. अंशाचं चिन्ह काढायची गरज नाही, काताकानावाल्या संचात ते हेक्स डीएफ वर आधीच असतं.

एक अडचण इथे येईल ती आत्ताच सांगतो. ही आठ अक्षरं शून्य ते सात या कोडवर बसतात, आणि सी मध्ये शून्य म्हणजे मजकूर संपला, त्यामुळे शून्य नंबरला जे अक्षर ठेवाल तिथेच पाठवणं थांबतं. चिप आठ ते पंधरा या कोडांना तीच आठ अक्षरं परत दाखवते, म्हणून शून्याच्या जागी आठ पाठवायचं. आणि एलसीडीप्रॉक ही कस्टम जागा बारग्राफ वगैरेसाठी स्वतः वापरतं, त्यामुळे मराठी शब्दांसाठी भावाचा स्वतःचा छोटा प्रोग्रॅमच ठेवला. तो बूट पूर्ण झाल्यावर, बॅकअपची डिस्क माउंट झाली की मगच सुरू होतो. म्हणून लाइट आल्यावर चौकोन तसेच राहिले तर मामा लगेच फोन करतात की मशीन अर्धवट उठलंय, म्हणजे ज्या खुणेवरून दोन डिस्प्ले बाद केले होते तीच आता कामाची झाली.

शेवटचं राहिलं होतं ते बॅकलाइटचं. रात्री जिन्याखालून निळा उजेड बाहेरच्या खोलीत येतो, मामांना तो नको होता. बॅकलाइट थेट पोर्टच्या पिनवरून चालवू नका, पोर्टला तेवढा करंट झेपत नाही. आम्ही मध्ये बीसी५४७ ट्रान्झिस्टर घातला, बेसला एक केचा रेझिस्टर, तिथून पोर्टची सतरा नंबर पिन, कलेक्टर डिस्प्लेच्या सोळाला, एमिटर ग्राउंडला, आणि पंधराला पाच व्होल्टवरून रेझिस्टर. त्याआधी मीटरने बॅकलाइटचा करंट मोजून घेतला, कारण बीसी५४७ शंभर मिलिअँपियरपर्यंतच, आणि काही जुने पिवळे-हिरवे बॅकलाइट त्याच्या वर खातात, तसा असेल तर मोठा ट्रान्झिस्टर लागतो. मॉड्यूलवर रेझिस्टर आधीच असेल तर बाहेरून लावायची गरज नाही, पाठीवर बघून घ्या. सतरा नंबर पण उलटी आहे, तेव्हा उजेड हवा असताना बिट शून्य आणि नको असताना एक. रात्री अकरा ते सकाळी सहा तो बिट एक असतो.